थडगेवाले प्राध्यापक

सारान्स्कच्या चौकात लोकनृत्य सुरू होतं. अ‍ॅकॉर्डियन वाजतं, भरतकामाचे पांढरे अंगरखे घातलेल्या मुली हात धरून रिंगणात शिरतात आणि जमलेलं गाव त्यांचे चेहरे बघतं. एकच गृहस्थ चेहरे सोडून जरा खाली बघत असतात. शेजारच्या बाई नवऱ्याला कोपर मारतात. बाईंचा गैरसमज झालेला असतो. गृहस्थांचे डोळे खिळलेले असतात ते अंगरख्याच्या गळ्याशी टोचलेल्या काट्यावर. स्युल्गाम म्हणतात त्याला. धातूचं उघडं कडं आणि त्याला फिरती सुई, एवढाच ऐवज. पण एर्झ्या बायकांचा लंबगोल आणि मोक्शा बायकांचा खाली रुंद होत जाणारा.

"डावीकडून तिसरी," ओळखदेख नसलेल्या माणसाला ते सांगतात, "अंगरखा एर्झ्या, काटा मोक्शा, आणि डोक्यावर जे काही आहे ते नाटक कंपनीचं."

नाच संपला की ते थेट रंगपटात. तिथे एखाद्या मुलीचा पुलाय, म्हणजे मणी, साखळ्या, बटणं, कवड्या आणि लोकरीची झालर लावलेला, कमरेमागे बांधायचा पट्टा, ते तळहातावर तोलून बघतात. मग "प्लास्टिक" एवढाच शब्द उच्चारून खाली ठेवतात. जुन्या काळचा पुलाय पाच-सहा किलोपर्यंत भरायचा. तो बांधून बाई नुसती विहिरीवर निघाली तरी खणखणाट पुढच्या गल्लीत पोचायचा. मोर्दवा बाई आधी ऐकू येते आणि मग दिसते, असं शेजारचे रशियन म्हणत ते उगाच नाही. २०१३च्या जानेवारीत फ्रेंच नट जेरार देपार्द्यू नव्याकोऱ्या रशियन पासपोर्टासह सारान्स्कला आले, पारंपरिक पोशाखातल्या बायकांनी त्यांचं स्वागत केलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो झळकले. प्राध्यापकांनीही तो फोटो भिंग लावून पाहिला. मधला जाडा गृहस्थ कोण, हे त्यांना दुसऱ्या दिवशी बायकोने सांगितलं.

ह्यांना मी नाव देत नाही. ही एक आख्खी जमात आहे. सारान्स्क, पेन्झा, निझनी नोवगोरोद, ताम्बोव्ह, कुठल्याही गावच्या संग्रहालयात मागच्या जिन्याने वर गेलात की पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे एक नग बसलेला सापडतोच. स्वेटरची कोपरं विरलेली, नखांत माती, समोर गार झालेला चहा. जिवंत माणूस आत आला की जरासा कंटाळलेला चेहरा.

ज्या लोकांवर त्यांनी आयुष्य ओवाळून टाकलं ते व्होल्गाच्या पश्चिमेकडचे. ओका, सुरा, मोक्शा, त्स्ना अशा नद्यांच्या काठांनी, जंगलं तोडून वसलेले. भाषा फिनिशच्या कुळातली. मोर्दवा हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. आतल्या माणसाला विचारलं तर तो एर्झ्या तरी असतो नाहीतर मोक्शा. दोन्ही भाषा बहिणी-बहिणी खऱ्या, पण इतक्या दुरावलेल्या की एर्झ्या नवरा आणि मोक्शा बायको असली तर भांडण रशियनमध्ये करावं लागतं. प्राध्यापकांच्या घरी हेच चालतं. सहाव्या शतकातल्या जॉर्डानेस नावाच्या इतिहासकाराने गॉथ राजाने जिंकलेल्या लोकांच्या यादीत 'मोर्देन्स' असा एक शब्द टाकून ह्या लोकांना उरकलं आहे. प्राध्यापकांना तो अपमान अजून पचलेला नाही. जॉर्डानेसचा विषय निघाला की ते शेजारच्या विभागातल्या आळशी सहकाऱ्याबद्दल बोलावं तसे बोलतात: "एक शब्द! आणि ह्या माणसाने एक तरी थडगं उघडलं होतं का?"

स्वतः ते थडग्यांकडे आले ते अपघाताने. सोव्हिएत काळापासून इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात उत्खननावर जावंच लागतं. नदी, तंबू, गिटार आणि वर्गातल्या मुली, एवढा हिशोब करून हे गेले. हातात फावडं मिळालं. जेवायला सकाळी ग्रेच्का, म्हणजे कुट्टूची खिचडी म्हणा, दुपारी ग्रेच्का आणि डब्यातलं मांस, रात्री डब्यातलं मांस आणि ग्रेच्का. डास मोक्शाकाठचे, म्हणजे कॅनव्हासमधून चावणारे. १५ ऑगस्टला तिथले पुरातत्त्ववाले आपला सण साजरा करतात. त्या दिवशी नव्या पोरांना चिखलात लोळवून जमातीत घेतात. ह्यांनाही लोळवलं. बाकीची पोरं नदीवर जाऊन अंग धुऊन आली आणि पुढे वकील, शिक्षक, बँकवाले झाली. हे अजून धुतलेले नाहीत, असं बायकोचं म्हणणं.

तिथेच त्यांना पहिला 'डाग' दाखवण्यात आला. गवताचा थर आणि काळी माती काढली की खाली पिवळी, कधी कुणी न हलवलेली जमीन लागते. त्या पिवळ्यात एक गडद लांबट चौकोन दिसतो. तेवढंच. तो चौकोन म्हणजे माणूस. मग चौकोनाच्या कडा सुरीने खरवडायच्या, चित्र काढायचं, होकायंत्र टेकवायचं आणि मग हळूहळू आत उतरायचं. होकायंत्र का? तर मध्ययुगातल्या ह्या दफनभूमींत एर्झ्यांचं डोकं उत्तरेला आणि मोक्शांचं दक्षिणेला. अपवाद आहेत, जाळून पुरण्याचीही रीत आहे, पण ढोबळ नियम हा. प्राध्यापकांची सगळी कारकीर्द ह्या एका सरळकोनावर उभी आहे. आपल्याकडे दक्षिणेला पाय करून झोपलं की आजी गदागदा हलवून उठवते, कारण प्रेताचे पाय तिकडे. प्राध्यापकांच्या कानावर हे गेलं तर आजीची रवानगी तत्काळ एर्झ्यांत होईल. त्यांच्या स्वतःच्या घरी पलंग पूर्व-पश्चिम लावला आहे. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात झालेला तो तह आजवर टिकून आहे.

पंचाईत अशी की वाळूच्या आंबट जमिनीत हाडं टिकत नाहीत. खड्डा उघडावा तर मालक गैरहजर, दागिने हजर. इथे प्राध्यापकांची कला दिसते. कानशिलावर लोंबणारी, वर तारेची गुंडाळी आणि खाली छोटंसं वजन असलेली कांडी सापडली की ते म्हणतात, "इथे डोकं." ही लोंबती कांडी म्हणजे मोर्दवा बाईची ओळखच, दुसऱ्या कुणाची सहसा नसते. पुढे स्युल्गाम सापडला, म्हणजे छाती. कडी सापडली, म्हणजे मनगट. बघता बघता रिकाम्या वाळूत एक बाई आडवी होते. तिची उंची, तिचं वय, माहेरची परिस्थिती, सगळं ते सांगतात. सासूशी पटत होतं की नाही एवढंच सांगत नाहीत, कारण त्याला पुरावा लागतो.

आणि वेणी! पुलोकेर नावाचं एक प्रकरण आहे. वेणीला आत लाकडाची काठी, वरून बर्चची साल, त्यावर ब्राँझच्या तारेची घट्ट गुंडाळी. ब्राँझ गंजलं की त्याचे क्षार जिवाणूंना जवळ येऊ देत नाहीत, त्यामुळे धातूला चिकटलेले केस, चामडं, लोकरीचा तुकडा शाबूत राहतो. कवटी केव्हाच विरघळलेली आणि वेणी जिथल्या तिथे. असं काही निघालं की प्राध्यापक सगळ्यांना लांब व्हायला सांगतात, स्वतः पोटावर झोपतात आणि कुंचल्याने माती झाडतात, तेही श्वास आवरून. चाळीस माणसांचा तंबू त्या दिवशी कुजबुजत जेवतो. त्यांच्या बायकोने मागच्या वर्षी केस कापून खांद्यापर्यंत आणले, ते त्यांच्या लक्षात आलं नवीन वर्षाच्या जेवणाला, आणि तेसुद्धा आलेल्या पाहुण्यांनी कौतुक केल्यावर.

पण माझ्या मते त्यांचा खरा जीव आहे तो त्स्नाकाठच्या बायकांवर. त्या भागात बाईच्या थडग्यात कधी ओतकामाचे साचे निघतात, धातू ओतायची मातीची पळी निघते. म्हणजे दागिना घालणारीच दागिना ओतणारी. पुरुषाच्या खड्ड्यात कुऱ्हाड, भाला, घोड्याचा लगाम, आणि मधूनच त्याच्या शेजारी बाईच्या दागिन्यांचं एक बोचकं. बायकोने सोबत दिलेलं असावं. (हे 'असावं' प्राध्यापकांचं. त्यांच्या लेखांत क्रियापदाला 'असावं' लागल्याशिवाय वाक्य संपत नाही.) क्र्युकोव्हो-कुझ्नोव्हो नावाच्या दफनभूमीतली साडेपाचशेहून जास्त थडगी मोरशान्स्कच्या संग्रहालयातल्या प्योत्र इव्हानोव्ह ह्यांनी १९२७ ते १९३१ ह्या काळात खणली, आणि त्यांची उत्खननाची रोजनिशी १९५२ साली पुस्तक होऊन आली. कुठल्या खड्ड्यात काय, कुठे, कसं पडलं होतं, एवढंच त्यात आहे. प्राध्यापक ती रात्री झोपताना वाचतात. बायको रहस्यकथा वाचते. दोघांचंही म्हणणं, आपल्या पुस्तकात प्रेतं जास्त.

ह्यात एक जुनं दुःख मिसळलेलं आहे. फिनलंडचा आक्सेल हायकेल एकोणिसाव्या शतकात गावोगाव फिरला, मोर्दवांचे पोशाख आणि भरतकामाचे नमुने गोळा केले आणि १८९९ साली त्यांचं देखणं पुस्तक काढलं. ते पोशाख आज हेलसिंकीच्या संग्रहालयात आहेत. प्राध्यापक तिथे जाऊन आलेत. काचेच्या कपाटासमोर उभं राहून, आजीच्या पेटीतला ऐवज शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात दिसावा तसा चेहरा करून, त्यांनी टाके मोजले. फिनिश बाईंनी कॉफी विचारली तर "आधी टाके" म्हणाले.

हिवाळा म्हणजे खोकी. सहा महिने बाहेर बर्फ आणि आत पेन्सिल. एकेक स्युल्गाम पांढऱ्या कागदावर ठेवायचा, काढायचा, नंबर घालायचा, मग त्याला एखाद्या प्रकारात बसवायचं, प्रकाराला उपप्रकार, उपप्रकाराला अपवाद. सोबत अरबी दिऱ्हम निघाला असेल तर भाग्य, कारण त्यावर साल कोरलेलं असतं. त्याआधीचं ते थडगं असूच शकत नाही. पण त्या बायकांनी दिऱ्हमला भोक पाडून तो गळ्यात घातलेला असतो, आणि नेमकं भोक पडलेलं असतं सालावर. अशा प्रसंगी प्राध्यापक हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईला उद्देशून जे बोलतात ते मी इथे देत नाही. खणायला जो सरकारी परवाना लागतो तो दर मोसमाला नवा घ्यायचा आणि त्याचा अहवाल वेळेत द्यायचा, नाहीतर पुढचा परवाना नाही. त्यामुळे ह्या जमातीला देव आठवतो तो अहवालाच्या मुदतीच्या आदल्या रात्री.

शत्रू दोन. पहिला म्हणजे समव्यवसायी. ओका-सुरा भागात लोहयुगात गोरोदेत्स नावाची संस्कृती होती, चटईचे ठसे उमटवलेल्या मडक्यांची. मोर्दवा तिचे थेट वंशज की नाहीत, ह्यावर तिथे दोन पिढ्या वाद घालताहेत. प्राध्यापक आणि पेन्झाकडचे त्यांचे एक परममित्र ह्या मडक्यांवरून बोलेनासे झाले. परिषदेत दोघं एकाच बाकावर बसतात, मध्ये टोपी ठेवतात, आणि एकमेकांच्या लेखांचा उल्लेख तळटीपेत, 'दुर्दैवाने' ह्या शब्दाने सुरुवात करून करतात. परममित्राला मागे हृदयाचा झटका आला तेव्हा हे रात्रीची गाडी पकडून इस्पितळात गेले. दोन तास बसले. येताना म्हणाले, "बरा आहे. अजून चूकच बोलतोय."

दुसरा शत्रू मात्र विनोदाचा नव्हे. धातुशोधक यंत्र घेऊन रात्री शेतात शिरणारी टोळकी. यंत्र वाजलं की फावडं मारायचं, काटा खिशात, बाकी सगळं उलथून मोकळं. २०१३ पासून परवान्याशिवाय असं खणणं तिथे फौजदारी गुन्हा आहे, तरी चालतं. नुसता काटा म्हणजे मूठभर पितळ. तो छातीवर होता की पायाशी बोचक्यात, बाईच्या अंगावर होता की नवऱ्याच्या शेजारी, हे एकदा गेलं की कुठल्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही. अशा वेळी प्राध्यापक पोलीस चौकीला फोन करतात. इतक्या वेळा केले आहेत की तिथला कॅप्टन आता मोक्शा काटा कुठला आणि एर्झ्या कुठला, ते झोपेत सांगेल. चोर मात्र त्याला अजून ओळखता येत नाहीत.

गावातल्या म्हाताऱ्या त्यांना मानतात आणि रागावतातही. मेलेल्यांना का उठवतोस, हा त्यांचा प्रश्न. "आजी, आठशे-हजार वर्षांपूर्वीची माणसं आहेत," हे उत्तर त्यांना पटत नाही; हजार वर्षांपूर्वी काय आया नव्हत्या? ह्या लोकांत एक जुनी रीत होती. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्याच वयाचा, अंगलटीचा कुणीतरी निवडायचा, त्याला मृताचे कपडे चढवायचे आणि मानाच्या जागी बसवायचं. त्या दिवसापुरता मेलेला माणूस म्हणजे तोच. घरचे त्याला वाढतात, विचारतात, तिकडे कसं काय, आमची माणसं भेटली का, थंडी आहे का. तो सांगतो, भेटली, शेतं पिकली आहेत, काळजी करू नका. मग सगळे मिळून त्याला स्मशानापर्यंत पोचवायला जातात. प्राध्यापकांनी ह्यावर लिहिलं आहे, कोरडं, तक्त्यांसकट. पण मोसम संपवून तंबू उखडताना कुणी म्हातारी कुंपणावरून हाक मारते, "काय म्हणाली रे ती माणसं?"

"आठवं ते अकरावं शतक, आजी. मोक्शा. काही उशिराची."

"ते असू दे. बरी आहेत ना?"

आणि 'असावं' शिवाय वाक्य न संपवणारा हा माणूस सरळ सांगून टाकतो, "बरी आहेत."

अहवालात हे येत नाही. पण जिथे जिथे ते खणतात त्या त्या गावात दूध आणि बटाटे फुकट मिळतात ते ह्यामुळे, परवान्यामुळे नव्हे.

सारान्स्कच्या ओगार्योव्ह विद्यापीठात वैद्यकीला भारतातली बरीच मुलं आहेत. कडाक्याच्या थंडीत बस चुकली की ती जवळच्या कुठल्याही उबदार दारात शिरतात. असाच एक धाराशिवकडचा मुलगा संग्रहालयात शिरला आणि प्राध्यापकांच्या हाती लागला. त्यांनी त्याला पुलायच्या कपाटाशी नेलं आणि कवड्यांवर बोट ठेवलं. इथून समुद्र शेकडो मैल लांब. ही कवडी हिंदी महासागरातली, मालदीवकडची. व्यापाऱ्यांच्या हातांतून व्होल्गापर्यंत आलेली. रशियन तिला सापाचं डोकं म्हणतात. "तुमच्याकडे अजून वापरात आहे?"

मुलगा मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाला की घरी आजीच्या परडीत आहे की माळ, तुळजाभवानीची. आराधी गळ्यात घालतात, भुत्ये घालतात.

प्राध्यापकांनी खुर्ची ओढली, वही काढली. कवडीची पाठ घासून सपाट केलेली, की नुसतं भोक पाडलेलं? मुलाला काय माहीत. "मग आईला विचार." व्हिडिओ कॉल लागला. तिकडे दुपार होती.

"काय करायलास? जेवलास का?" आई म्हणाली. "आन् हे कोण?"

"सर आहेत आमचे."

"नापास केले काय रे?"

माळ हवी आहे म्हटल्यावर आई कुरकुरली, पण आजीला विचारून परडीकडे गेली. आजीने हात लावू दिला नाही. लांबूनच दाखवा म्हणाली. प्राध्यापकांना हे न सांगताच समजलं. त्यांनी फक्त विनंती केली की शेजारी आगपेटी ठेवा, मापाला. आईने काडेपेटी ठेवली. कवडीची पाठ घासलेली निघाली. प्राध्यापकांच्या तोंडून असा काही आवाज आला की वरच्या मजल्यावरचा पहारेकरी खाली आला.

"त्यांच्या कवड्या कुठल्या देवीच्या म्हणं?" आईने विचारलं.

मुलाने विचारून सांगितलं, "देवीच्या नाहीत. पट्ट्याच्या आहेत." प्राध्यापकांनी तत्परतेने हातमोजे चढवले, खणातून दुसरा पुलाय काढला आणि नेमका कुठे बांधतात ते पाठमोरं होऊन, स्वतःच्या स्वेटरवर धरून दाखवलं.

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

"तिथं?" आजीचा आवाज आला. "बसायच्या जागंवर?"

"काय म्हणतात?" प्राध्यापकांनी वळून विचारलं.

"आवडलं त्यांना," मुलगा म्हणाला.

त्यांनी लिहून घेतलं. मग पेन्सिल ओठाला लावून थोडा विचार केला. एवढ्या लांबची, इतकी चांगली माहिती देणारी बाई पुन्हा भेटेल न भेटेल. म्हणून त्यांनी धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला: आजी वारल्या की ही माळ त्यांच्यासोबत जाणार, की सुनेकडे राहणार? सोबत जाणार असेल तर नेमकी कुठे ठेवतात, गळ्याशी की पायाशी?

मुलाने एकदा सरांकडे बघितलं, एकदा पडद्यावर शेजारी-शेजारी दाटीने दिसणाऱ्या आजीकडे आणि आईकडे बघितलं.

"नेटवर्क गेलं, सर," तो म्हणाला, आणि अंगठ्याने फोन बंद केला.

प्राध्यापकांनी मान डोलावली. वहीत नोंद केली: प्रश्न अनुत्तरित, पुढच्या मोसमात विचारणे. आणि मुलाचा फोन नंबर घेतला.